कार्लकुळीच्या नावाची हकीकत

श्री. नावे देतो तोचि आणि पुसतो तोचि, त्यास नमन करोन लिहिले ऐसे जे, शके सातशे नव्याण्णव, विलायतेकडील फ्रँक लोकांचे एका राज्यी वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

राज्याचा मूळपुरुष कार्ल. त्यांचे बोलीत कार्ल म्हणजे साधासुधा मोकळा गडी, ना कोणाचा धनी, ना कोणाचा चाकर. परंतु पुरुष पराक्रमी, मुलूख जिंकिले, आणि कुळास त्याचेच नाव पडिले, आणि मग पराक्रम नावातच आहे ऐसे समजोन जो पुत्र होय तो कार्लच. जेवावयास एकास हाक मारिता सगळी पंगत उठे. मग लोकांनी सोय केली, कार्ल बुटके, कार्ल तिरळे, कार्ल घोरके ऐशी ओळख चालिली, आणि महाराजांनीही ती गोड मानोन घेतली. दंडक ऐसा की, कार्ल नाव त्यासच तख्त, दुसरे नाव दासीपुत्रांस. आणि तख्तास नवा वाटेकरी उपजला तर चुलत्यांनी कात्री घेऊन जावे, मुंडिल्यास तख्त नाही म्हणोन त्याचे केस उतरावे आणि जन्माचे मठात कोंडावे. मारीत नसत. कुळ धर्मशील.

ऐशात कार्ल घोरके महाराज निद्रेतच देवाघरी गेले. घोरणे थांबले तेव्हा राणी रोथाईद दचकोन जागी जाहली. ती तेव्हा गरोदर, पुढे तीस पुत्र जाहला, आणि त्यांचे रीतीप्रमाणे डोकीवर पाणी घालोन नाव ठेवावयास धर्मगुरू ऊन पाणी घेऊन आले.

"कार्लच ना, बाईसाहेब?"

"ड्रोगो."

"हे तर दासीपुत्राचे नाव. लोक तुम्हांस काय म्हणतील?"

"म्हणोत. दासीपुत्रास कोणी कात्री लावीत नाही."

"लेकराचे राज्य जाईल."

"डोके तर राहील. पाणी निवते आहे, घाला."

मग दीर कार्ल तिरळे कमरेस कात्री खोचोन आले, आणि दाईकडे पाहात बाळाचे कौतुक केले.

"नाव काय ठेविले, वहिनी?"

"ड्रोगो."

"आमचे नाव का नाही?"

"तुम्ही सगळ्यांनी वापरोन वापरोन विटले, भाऊजी."

तिरळे महाराज हसले, पोटभर जेविले, आणि निघतेसमयी कात्री पाटावरच विसरले. दुसरे दिवसापासोन दरबारात राणीचे आसन दाराशी, दासींचे पंगतीत मांडिले गेले. ती बसली. घरी येऊन बाळाचे जावळ हुंगीत रडली, आणि मग लेकरास घेऊन द्राक्षमळ्यावर राहावयास गेली.

इकडे कार्लांनी कार्लांस मुंडिले, आणि उरले ते लढाईत पडिले. तख्त रिकामे. मग तेच धर्मगुरू, आता अगदी म्हातारे, सरदारांसह मळ्यावर आले. ड्रोगो त्याच जुन्या कात्रीने वेली छाटीत होता.

"तुम्ही औरस आहां," धर्मगुरू बोलिले. "नाव तेवढे कार्ल करोन घ्यावे."

ड्रोगोने आईकडे पाहिले. "हे मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते, तर आज मठात घंटा बडवीत असतास."

"आणि लोक तुला जे म्हणत आले ते?"

"त्याची सवय जाहली, बाळा."

ड्रोगोने दाट केसांवरोन हात फिरविला, आणि आईचे पाय शिवोन उठला. "ऊन उतरते आहे, काकांनो," सरदारांस म्हणाला, "ही ओळ राहिली आहे. दूध पिऊन जा."

मग सरदारांनी परक्या कुळीचा राजा आणिला.

तात्पर्य, कार्लकुळ बुडाले. पूर्वेकडील लोक त्या नावास इतके भ्यालेले, की त्यांचे बोलीत हरएक राजास कार्ल म्हणो लागले. आणि मूळपुरुषाचे वेळचा जो अर्थ, मोकळा गडी, तो मळ्यावर सुखरूप होता, केसांसकट.