नाव घातलेला डबा

इंटरनेटवर ओळख झालेल्या माणसाच्या घरी ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन जाणारा जगातला एकमेव इसम आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, माझ्या दारासमोरच्या दारात राहतो. नाव वसंत परब. वय पन्नाशीच्या पुढचं. मिशी मात्र चाळिशीतच थांबलेली, कारण कलप तो फक्त मिशीला लावतो. "डोकं कोण बघतो रे? समोरचा माणूस बोलणाऱ्या तोंडाकडे बघतो," असं त्याचं शास्त्र.

तुम्ही म्हणाल, करंज्या नेल्या तर त्यात एवढं काय? थांबा. तुम्ही त्याच्याबरोबर गेलेला नाहीत. मी गेलोय.

परब इथल्याच एका छोट्या कारखान्यात डिस्पॅचला होता. म्हणजे तयार माल गाडीत चढवायचा आणि तो मुक्कामी पोचेपर्यंत घास गोड लागू द्यायचा नाही. त्याच्या शेजारच्या टेबलावर स्टोअर्स सांभाळणारा दिनू तावडे. दोघं सिंधुदुर्गातले, एका डब्यात जेवणारे, आणि एकमेकांना 'मेल्या' म्हटल्याशिवाय ज्यांची सकाळ सुरू होत नसे असे. मग मालकाने कारखाना गुजरातेत हलवला. यंत्रं गेली, माणसं राहिली. दिनू भांडुपला आपल्या घरी बसला, परब मुलुंडला आपल्या.

पण परबला बसणं जमत नाही. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, त्याचं खातं उघडून दिलं. नोकरदार लोक जिथे आपापल्या नोकऱ्यांची मिरवणूक काढतात ना, त्या साइटवर. वहिनी पतपेढीत कामाला, त्यांना वाटलं, माणूस निदान खिडकीतून रिक्षा मोजायचा तरी थांबेल. त्यांनी दिनूचंही खातं उघडून दिलं. दिनू तिथे नुसता वाचायचा. परबने मात्र तिथे संसार थाटला.

पहिला प्रश्न फोटोचा. परबचा एकटा असा फोटोच नव्हता, म्हणून पुतण्याच्या लग्नातला कापून लावला. डोक्यावर गुलाबी फेटा, खांद्यावर कुणाच्या तरी मावशीचा अर्धा हात.

"अरे, हा फोटो बघून नोकरी कोण देणार?" मी म्हटलं.

"देसाई, तिथे हजार लोक टाय लावून बसलेत. फेटेवाला कोण आहे? मीच ना? मग लक्षात कोण राहणार?"

त्यानंतर त्याची भाषा बिघडली. त्या साइटवर कुणी साधी बातमी देत नाही, 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो' म्हणूनच देतात, आणि कुठल्याही घटनेतून शिकवण काढतात. परबने हे सगळं घरी आणलं. जिन्यात भेटला की, "देसाई, कळवण्यास अत्यंत आनंद होतो की आज आमच्याकडे बांगडे आले." एकदा त्याच्या हातून पोहे करपले, धूर आमच्या घरापर्यंत. मी धावत गेलो तर हा कढई हातात घेऊन गंभीर उभा. "यातून मी तीन गोष्टी शिकलो."

"चौथी मी शिकवते," वहिनी आतून म्हणाल्या. "कढई घासायला घ्या."

दुसऱ्यांच्या बातम्यांवर तर त्याचं जिवापाड लक्ष. रोज सकाळी चहा घेता घेता तो मोबाइलवर अंगठे उमटवत बसायचा. कुणाला बढती, कुणाला परदेश, कुणाची नवी कंपनी. परब प्रत्येकाचं अभिनंदन करायचा, प्रत्येकाला दोन ओळी वेगळ्या लिहायचा. मी चेष्टा करायचो, "लग्नघरातल्या यजमानासारखा दारात उभा असतोस रे." तो हसायचा.

आणि ज्याने याची ओळख तिथे मान्य केली, त्याच्या घरी हा जायचा. डबा घेऊन. तोही स्टीलचा, झाकणावर 'सौ. सुनंदा व. परब, मुलुंड' असं नाव घातलेला.

"डबा कशाला? पिशवीतून ने," मी एकदा सुचवलं.

परबने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "देसाई, व्हिजिटिंग कार्ड माणूस टाकून देतो. नाव घातलेला डबा कुणी टाकतो का? ओट्यावर राहतो. बाई रोज बघते. परब, परब, परब. आणि परत करायचा म्हटला की रिकामा देता येत नाही. म्हणजे काहीतरी करावं लागतं, त्यासाठी फोन करावा लागतो. झालं की नाही नेटवर्किंग?"

शास्त्र बिनतोड होतं. अडचण एवढीच की लोक डबे टाकतही नव्हते आणि परतही करत नव्हते. वहिनींच्या स्वयंपाकघराला ओहोटी लागली. "माझी निम्मी भांडी तुमच्या कनेक्शनांकडे," त्या म्हणायच्या. "उद्या आमटी काय ओंजळीत वाढू?"

तर अशाच एका मोहिमेवर परबने मला सोबत नेलं. 'रेफरन्स' म्हणून. मुलुंड पश्चिमेच्या एका टोलेजंग इमारतीत मिसेस सबनीस राहत होत्या. मोठी गोदामं चालवणाऱ्या कंपनीत माणसं नेमण्याचं काम त्यांच्याकडे. सोसायटीच्या एका ओळखीतून परबने पत्ता आणि फोन नंबर काढलेला. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है? डिलिव्हरी है क्या?" परब ताठ झाला. "डिलिव्हरी नहीं. कनेक्शन."

वॉचमनने गॅसवाला समजून वर सोडलं.

मिसेस सबनीस दारात आल्या. रविवारची दुपार, केस ओले, चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. परबने हात जोडले.

"मी वसंत परब. फेटेवाला."

"अं... आपण ऑनलाइन कनेक्ट झालो होतो का?"

"हो ना. झालो, म्हणून तर आलो."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं, पण सातव्या मजल्यावर तीही सोय नसते. बाई मात्र सभ्य. त्यांनी डबा घेतला, पाणी दिलं, बायोडाटा ईमेलवर पाठवायला सांगितला. म्हणजे काय, ते मी समजलो. परब समजला नाही, किंवा समजूनही त्याने तसं दाखवलं नाही.

खरी कमाल पुढे. संध्याकाळी त्याने बाईंना फोन केला, "करंज्या व्यवस्थित पोचल्या ना?" पोचल्या म्हणजे काय, स्वतः हातात दिल्या होत्या! दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मोडली वगैरे नाही ना एखादी?" तिसऱ्या फोनला मी त्याच्या हातातून मोबाइल हिसकावायला गेलो.

"अरे यार, वाट लागेल! त्या ब्लॉक करतील तुला!"

"माल पोचला हे कळल्याशिवाय डिस्पॅचवाला झोपत नाही, देसाई."

पुढे बरेच दिवस काही नाही. परबचे विनोद चालू होते, पण कलप लावायचा राहू लागला, आणि मिशी मुळाशी पांढरी दिसू लागली. एकदा वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे आता सकाळी बुटांना पॉलिश करतात आणि परत रॅकवर ठेवून देतात." मी त्या दिवशी त्याचे बांगडेही चेष्टेशिवाय ऐकून घेतले.

आणि एका रविवारी आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि हातात परबचा डबा घेऊन मिसेस सबनीस बाहेर आल्या. डब्यात शंकरपाळे. "विकतचे आहेत हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "पण रिकामा डबा आणला असता तर माझ्या आईने घरात घेतलं नसतं."

वहिनींनी मला हाक मारली, रेफरन्स नको का? बाई सोफ्यावर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "परब, आमच्या भिवंडीच्या गोदामातून माल निघतो. पोचला का, हे कुणीही विचारत नाही. तक्रार आली की सगळे एकमेकांकडे बघतात. परवा एकाला झापताना मला तुमचे फोन आठवले. करंज्यांसाठी एवढा जीव टाकणारा माणूस पार्सलसाठी काय करेल? उद्या येता का साहेबांना भेटायला?"

परब उठला. बसला. पुन्हा उठला. "चहा टाकतो," म्हणाला आणि चुकून बाथरूममध्ये गेला.

नोकरी लागली. कळलं तशी मी मोबाइल उघडून बसलो. आता फेटेवाला काय घोषणा करतो ते मला बघायचं होतं. अभिनंदनाच्या दोन ओळी मी तयारसुद्धा ठेवल्या होत्या. काहीच नाही. दुसरा दिवसही कोरडा. शेवटी मी त्याचं दार वाजवलं.

"काय रे, बांगडे आले तर जाहीर करतोस, नोकरी आली तर गप्प?"

परब पायातल्या चपलांकडे बघत होता. "दिनू वाचतो ना तिथे," तो म्हणाला. "सकाळी उठल्या उठल्या पहिलं तेच बघतो तो. मला माहितीय, मी पण तेच करायचो. लोकांच्या बातम्या वाचायच्या, अभिनंदन लिहायचं. लिहिताना खोटं नसतं रे. पण मग चहा गिळवत नाही. दिनूला माझ्यासाठी तो अंगठा दाबायला लागू नये. तोंडानेच सांगतो. तू चल."

आम्ही भांडुपला गेलो. दिनूच्या खोलीत पंख्याखाली बसलो. परब बोलायला लागला. हवापाणी झालं, गावची भातं झाली, कुणाच्या तरी म्हशीचं दुखणं झालं. नोकरी सोडून सगळं झालं. दिनू पायांची घडी घालून ऐकत होता. मग त्याने परबच्या कॉलरकडे बोट दाखवलं.

"मेल्या, शर्ट नवीन असा. मिशी काळी असा. नोकरी लागली मां तुका?"

परबने नुसती मान हलवली.

दिनू उठला. स्वयंपाकघरात जाऊन डबे धुंडाळायचा आवाज आला. बाहेर आला तो मुठीत साखर घेऊन. परबची मूठ त्याने स्वतःच उघडली, साखर तळहातावर ओतली, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला सांगितलं, "अगो, आमच्या वसंताक नोकरी लागली!"

परबचं नाक वाहायला लागलं. हाताने पुसायची सोय नव्हती, हातात साखर होती.

"खा आधी," दिनू म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर आपला पंचा टाकला. "आणि रडतंस कित्याक? उद्या भिवंडीक जाशीत तेव्हा इचार साहेबाक, स्टोअर्स कोण बघता तुमचा?"

"काल विचारलं," परब म्हणाला आणि साखर तोंडात टाकली.