शेवटच्या क्रमांकाचा हार

गेल्या लोकसभेची मतमोजणी संपली त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता धरणगावचे नाना गुरुजी झेंडूचा हार घेऊन पारोळ्याच्या स्टँडवर उतरले, किल्ल्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत गेले आणि मतदारसंघात सर्वांत कमी मतं मिळालेल्या अपक्ष उमेदवाराच्या गळ्यात तो हार घातला.

विजयी उमेदवाराच्या गुलालाची बातमी दुसऱ्या बातमीदाराकडे होती. मला चौकटीपुरता मजकूर हवा होता, म्हणून मी नानांबरोबर गेलो होतो.

स्टुडिओवाला आधी चिडला. "नाना, मज्या करी राहिनात का?"

"नाही. जिंकणाऱ्याकडे हार पुष्कळ आहेत. हा शेवटच्या क्रमांकाचा आहे. नोंद घ्या," नाना म्हणाले. ते गेली कित्येक वर्षं दर लोकसभेला हे करतात. त्यांनी खिशातून वही काढली. "स्वतःच्या बूथवर किती?"

"तेच तं दुखनं शे. घरमा अकरा मत शेतस. बूथवर नऊ पडनात." स्टुडिओवाल्याने आतल्या दाराकडे पाहून आवाज चढवला. "दोन कोना, ते दखी राहिनू!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"शोधू नका," नाना म्हणाले. "दोन बाद झाली असं धरून चाला."

"मशीनवर मत बाद व्हत नही, नाना."

नानांनी वही मिटली. मग त्यांनी चहा घेतला आणि आम्ही निघालो.

नाना गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक. त्यांचं कॅलेंडर निवडणुकांचं आहे. मुलीचं लग्न कधी झालं, असं विचारलं तर ते म्हणतात, "मतपत्रिका जाऊन मशीन आलं, त्याच्या पुढच्या लोकसभेत. अर्ज माघारीच्या दिवशी." ही मुलगी धुळ्याला दिली आहे. तिच्याकडे निघाले की शेजाऱ्यांना सांगतात, "परक्या मतदारसंघात जातो आहे, दोन दिवसांत येतो." पुनर्रचनेत आमच्या मतदारसंघाचं नाव गेलं, हे त्यांनी मान्य केलेलं नाही. सावद्याची केळी एका खासदाराकडे आणि धरणगावचा कापूस दुसऱ्याकडे, एवढीच वाटणी त्यांना ठाऊक आहे. पत्त्यातही नाव ते जुनंच लिहितात. पोस्टमन पत्र पोचवतो.

मतदारसंघाचा सगळा इतिहास त्यांनी खाकी कव्हर घातलेल्या वह्यांत लिहिला आहे. कोणीही विजयी उमेदवाराचं नाव विचारलं की त्यांचा चेहरा उतरतो. "ते कोणीही सांगेल. शेवटचा कोण होता ते विचारा."

मी जळगावच्या ज्या दैनिकात काम करतो, तिथे नानांची ओळख पोस्टकार्डांमुळे होती. दर लोकसभेला आम्ही मतदारसंघाच्या आधीच्या निकालांचा तक्ता छापतो. तक्ता छापून आला की चार दिवसांत कार्ड येई. मजकूर तोच: "अमुक निवडणुकीत एक उमेदवार कमी छापला आहे. बेरीज जमत नाही. नोंद घ्या." उमेदवाराचं नाव कार्डावर कधीही नसे. डेस्कवर त्यांना 'बेरीजवाले नाना' म्हणत. आमचे वृत्तसंपादक एकदा म्हणाले होते, "शेवटच्या नंबरचं नाव राहिलं तर कोणाचं काय अडलंय?" कार्ड टाचणीला लागलं आणि तिथेच पिवळं पडलं.

पारोळ्याहून परतताना एसटीत मी नानांना विचारलं, "एका नावासाठी इतकी कार्डं का?"

"तुम्ही बेरीज केली का?"

"नाही."

"मग आधी करा. मग विचारा."

दुसऱ्या दिवशी मी बेरीज केली. कार्डात सांगितलेल्या जुन्या निवडणुकीच्या तक्त्यात उमेदवारांची मतं आणि वर मथळ्याखाली छापलेली एकूण वैध मतं यांत फरक होता. त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभेला आम्ही पुन्हा छापलेला तोच तक्ता काढला. प्रत्येकात तोच फरक होता.

मग मी खालच्या खोलीतल्या बांधीव फायली उघडल्या. त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा अंक सापडला. त्यात तक्ता पूर्ण होता. पुढच्या निवडणुकीच्या वेळी कोणीतरी त्याचं कात्रण काढलं होतं आणि कात्री एक ओळ वर चालली होती. त्यानंतर प्रत्येकाने मूळ अंक न पाहता आधीच्या कात्रणावरून मजकूर उतरवला होता. यात मी स्वतः दोनदा होतो.

राहिलेली ओळ अशी होती: सुमनबाई, धरणगाव, अपक्ष, निशाणी शिलाई मशीन. त्यापुढे मतं. ती मिळवली की बेरीज जमत होती.

मी लगेच फोन केला. "नाना, सापडलं. शेवटच्या उमेदवार सुमनबाई. या आता कुठे असतात, काही माहिती?"



"घरात आहे," नाना म्हणाले. "फोन देऊ का?"

मी संध्याकाळी धरणगावला गेलो. नानांच्या पत्नी सुमनअक्का ओसरीत शिलाई मशीनवर ब्लाउजला हुक लावत होत्या. नाना माझ्याशी हळू बोलत होते. घरचं माणूस आहे म्हणून छापा, असं म्हणायचं नाही, हे त्यांनी पहिलं कार्ड लिहितानाच ठरवलं होतं. "बेरीज चुकते म्हणून छापा. नाहीतर छापू नका."

अक्कांना सगळं ऐकू येत होतं. "सभेला बाया गोळा करायला मलाच बोलवायचे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बाया मीच आणते तर उभीही मीच राहते. आठवडे बाजारात बाईमाणसाला जायला आडोसा नव्हता. तेवढंच मागणं होतं."

"आणि नाना?"

"ते सरकारी नोकर. प्रचारात माझी रिक्षा समोरून आली की दुसऱ्या गल्लीत वळायचे. घरात मी भाषण म्हणून पाहायची, तर म्हणायचे, मी फक्त भाजी वाढ एवढंच बोलू शकतो."

"नियम होता," नाना म्हणाले.

मतदानाच्या दिवशी नानांची ड्युटी सातपुड्याच्या पायथ्याला लागली होती. मत टपालाने द्यायचं होतं. पाकिटात मतपत्रिकेबरोबर साक्षांकित घोषणापत्र लागतं. नानांनी शाळाशाळांतल्या शिक्षकांना ते भरायला शिकवलं होतं, त्यांचे चुकलेले अर्ज परत लिहून घेतले होते. स्वतःचं पाकीट चिकटवताना घोषणापत्र टेबलावर राहिलं. घरी आल्यावर ते त्यांना पिशवीत सापडलं. निकालात बाद मतांचा रकाना होता. नानांच्या वहीत त्या आकड्यासमोर पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: 'पैकी एक माझं.'

हे त्यांनी मला वही दाखवून सांगितलं, पाठ अक्कांकडे करून. त्यानंतरच्या लोकसभेपासून हार सुरू झाला.

"बाद मतांचा आकडा तसाच ठेवा," मी निघताना ते म्हणाले. "तो बरोबर आहे."

त्या रविवारी आमच्या दैनिकाने पूर्ण तक्ता पुन्हा छापला. खाली शुद्धीपत्र होतं: इतकी वर्षं एक उमेदवार वगळला गेला, ही आमची चूक. वृत्तसंपादकांनी स्वतः मुद्रित तपासलं आणि बेरीज दोनदा केली. 'सुमनबाई' ही ओळ ठळक अक्षरांत लावा, असंही त्यांनीच सांगितलं.

सकाळी आठ वाजेपर्यंत धरणगावच्या स्टँडवर आमचा एकही अंक उरला नव्हता. आठवडे बाजारातल्या भाजीवाल्या बायकांनी एक अंक आणून तक्ता मोठ्याने वाचून घेतला. चौथ्या वाचनाला टाळ्या पडल्या. एक म्हातारी ओरडली, "मनं मत शे त्यामा! मी दिन्हं व्हतं!" तिच्या मागून आणखी सहाजणींनी तेच सांगितलं. मग बायकांचा तांडा नानांच्या गल्लीत शिरला. कोणीतरी हलगीवाला गाठला होता. मी त्यांच्या मागे होतो.

नाना दारात उभे होते. धुतलेली टोपी, हातात झेंडूचा हार.

अक्का मशीनवरून उठल्या नाहीत. "कितवा नंबर?"

"शेवटचा."

"मंग आना."

नानांनी हार घातला. हलगी वाजली. अक्का बायकांकडे वळून म्हणाल्या, "सगळासना घर हार लई गयात. आज सोतानं घर सापडनं!" गल्ली हसली. नानाही हसले, आणि चष्मा पुसायला आत गेले.

आठवड्याने मी वहीच्या त्या पानाचा फोटो घ्यायला पुन्हा गेलो. आमच्या फायलीत आता कात्रणाऐवजी मूळ पानांच्या प्रती ठेवायच्या असं ठरलं आहे. हार सुकून मशीनच्या चाकाला टांगलेला होता. वहीत आमचा तक्ता डकवला होता. बाद मतांच्या आकड्यासमोर पेन्सिलीतलं 'पैकी एक माझं' तसंच होतं. त्याच्याखाली, ब्लाउजची मापं लिहायच्या निळ्या पेनाने, अक्कांच्या अक्षरात दोन शब्द होते: 'नोंद घेतली.'