टेबलावरील सर्व पुस्तके विक्रीस आहेत

रविवार, सकाळी साडेनऊ. सार्वजनिक सभागृह, तळमजला. ग्रंथ हा माणसाचा खरा मित्र होय, हे सर्वमान्य आहे. आणि मित्राला घराबाहेर काढायचेच झाले तर एखाद्या सत्कार्याच्या निमित्ताने काढावे, हेही आता सर्वमान्य होत आले आहे. रुग्णालयाच्या मदतीसाठी भरणारी जुन्या पुस्तकांची वार्षिक विक्री याच दोन तत्त्वांवर उभी आहे.

विक्रीचे काम स्वयंसेवक पाहतात. घरी ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याला छातीवर बिल्ला आणि पुढ्यात टेबल दिले की स्वयंसेवक तयार होतो. त्यांचे प्रमुख निवृत्त दस्तनोंदणी अधिकारी होते. सव्वीस नियमांची पत्रिका त्यांनी एकहाती रचली असल्यामुळे सगळे त्यांना नियमकाका म्हणत. नियम चार : टेबलावरील सर्व पुस्तके विक्रीस आहेत. नियम अकरा : विकलेले पुस्तक परत मिळणार नाही, रडणे ग्राह्य धरले जाणार नाही. (हा नियम एका प्राध्यापकांमुळे करावा लागला. पत्नीने दान केलेला स्वतःचा प्रबंध त्यांना परत हवा होता. दुसऱ्या कोणालाही तो नको होता, हा भाग वेगळा.)

दान आलेल्या पुस्तकांत वाचणाऱ्याची खूण कितव्या पानावर सापडली, याची काका नोंद ठेवत. एक हजार चारशे बारा पुस्तकांत बसची तिकिटे, औषधांच्या चिठ्ठ्या, केसांचे आकडे आणि एक लग्नपत्रिका (लग्न झाले की नाही, कळू शकले नाही) मिळून खुणेची सरासरी निघाली पान एकतीस. तत्त्वज्ञान : पान नऊ. आत्मोन्नती : प्रस्तावना. "समाजाचा दम एकतिसाव्या पानावर संपतो," असे काका खेदाने सांगत. हा खेद त्यांना फार मानवे.

स्वतःची गणना ते अर्थातच समाजात करत नसत. विवेकावरच्या एका सहाशे बारा पानी ग्रंथाशी त्यांचा अठरा वर्षे वाद चालू होता. समासात मुंगीएवढ्या अक्षरांत पेन्सिलीने त्यांनी लेखकाला पानोपानी उभा-आडवा घेतला होता. हा वाद त्रेचाळिसाव्या पानावर थांबला होता आणि काकाही तिथेच थांबले होते, हे मात्र बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. (पत्नीला ठाऊक होते, पण संसारात तिने याहून मोठे गुन्हे पोटात घातले होते.)

त्या रविवारी तो ग्रंथ सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवून काका पाककृतींच्या टेबलावरचा तंटा मिटवायला गेले. परत आले तो जागा रिकामी.

"सिस्टर, इथला ग्रंथ?"

शेजारच्या टेबलावरच्या निवृत्त परिचारिका खुलल्या. "गेला की! समोरच्या घड्याळजींनी नेला. तुमच्या टेबलावरची सकाळपासूनची पहिलीच विक्री, काका. अभिनंदन!"

"अहो, तो माझा होता!"

"टेबलावर होता. नियम चार."

"परत मागवा!"

"नियम अकरा," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी मायेने रुमाल पुढे केला.

काका रस्ता ओलांडून घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शिरले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून समास वाचत होते. दोन गिऱ्हाइके ऐकत होती.

"या, या! पुस्तक ठीकच आहे, पण कडेचा हा गडी बघा. काय भांडतो! मुद्दा म्हणून सोडत नाही."

अठरा वर्षांत काकांना मिळालेला हा पहिला वाचक. क्षणभर त्यांना ग्रंथ परत मागायचे भानच राहिले नाही.

"कितव्या पानावर आहात?"

"चाळीस."

काकांनी घाईने हात पुढे केला. "पुढे रटाळ आहे हो. द्या इकडे."

"तुम्ही वाचलंय?"

"अठरा वर्षं," काका म्हणाले. दस्तनोंदणीच्या दृष्टीने हे विधान निर्दोष होते.

घड्याळजींनी एकेचाळीस उलटले, बेचाळीस, त्रेचाळीस. चव्वेचाळिसाव्या पानावर त्यांचे भिंग थबकले.

"समास कोरा! आणि लेखक काय म्हणतो बघा : 'येथवर मांडला तो पूर्वपक्ष, हे माझे मत नव्हे. आता त्याचे खंडन करू.' अरेच्चा! या गड्याचे सगळे आक्षेप लेखकानेच ओळीने मांडलेत. पान उलटलं असतं तर गळ्यात गळे घातले असते की दोघांनी!"

गिऱ्हाइके खो खो हसली. काकांचा हात नकळत खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. घड्याळजींनी तो पाहिला, पेन्सिलही पाहिली आणि सारे ओळखले. पण ते सज्जन होते. ते गिऱ्हाइकांकडे वळले.

"हसताय काय? तुमच्या उशाशी जे पुस्तक आहे, त्यातली खूण कितव्या पानावर आहे?"

हसू थांबले. (प्रश्न सर्वांनाच होता. हे वाचताना ज्यांना हसू आले, त्यांनी उठून उशाशी पाहून यावे; आम्ही थांबतो.)

घड्याळजींनी ग्रंथ मिटून आपल्या खणात ठेवला, भिंग काढले आणि बंद घड्याळ घेऊन आलेल्या माणसाला सांगावे तसे काकांना सांगितले :

"बिघाड काही नाही. किल्लीच दिलेली नाही."