एक काना जास्त

महापालिकेतल्या हेडक्लार्कना सगळे पाठीमागे ‘कानामात्रा’ म्हणत. खिशात सदा लाल पेन. कुणाचं पत्र दिसलं की ते पेन घारीसारखं झडप घाली!

“सव्वीस वर्षं झाली,” ते छाती फुगवून सांगत, “या नजरेतून एक वेलांटी निसटलेली नाही!”

म्हणूनच शहराने ‘महिला समान संधी कक्ष’ त्यांच्याकडे सोपवला. तळमजल्यावरची खोली, चार बाकं, आणि बायकांना त्यांचे हक्क समजावून सांगायला एक तरुण वकीलबाई. पण बायका येतील तर ना! तीन महिन्यांत नोंदवहीत नावं तीन. कानामात्रांची बायको, मेहुणी आणि झाडूवाल्या मावशी. मावशींना तर झाडता झाडता धरून बसवलं होतं!

शेवटी उपायुक्तबाईंनी बजावलं, “सोमवारी अकराला येते. खोली ओस दिसली तर कुलूप! वकीलबाई घरी, आणि तुम्ही तळघरातल्या जुन्या दप्तरांत.”

तळघर! कानामात्रांना दमा. धुळीचं नुसतं नाव काढलं तरी छाती जुन्या बाजाच्या पेटीसारखी वाजायची.

“मोठी पाटी लावतो,” ते वकीलबाईंना म्हणाले, “मग बघा, लोंढा येतो की नाही!”

पेंटर आला, पट्टी लावून म्हणाला, “साहेब, फळी आखूड आहे. एक शब्द गाळा.”

“संधी गाळ!”

आणि ते पाटीच्या मजकुराची चिठ्ठी लिहायला बसले, तोच बायकोचा फोन. ती पलीकडच्या शाळेत शिवण शिकवायची.

“अहो, येताना वाण्याकडचं सामान आणाल का? माझे दोन्ही हात भरलेले असतात.”

“सामान सामान काय लावलंयस! मी इथे समानतेच्या कामात आहे!” त्यांनी फोन ठेवला, चिठ्ठी पुरी केली आणि पेंटरच्या हातात कोंबली.

सोमवारी दहाला येऊन बघतात तर काय, दाराशी रांग! कानामात्रांचे डोळे भरून आले. “आल्या! माझ्या लेकीबाळी आल्या!”

पहिल्या लेकीने त्यांच्या पायावर पोतं टाकलं. “सांभाळून हं. कोबी आहे.”

“अहो बाई, इथे सामान ठेवत नाहीत!”

“मग पाटी काय शोभेला टांगलीय?”

ते धावत बाहेर गेले, मान वर केली. ‘महिला सामान कक्ष’! स च्या पाठीशी काना असा ताठ उभा, जणू बिनबोलावलेला व्याही!

“पेंटरने ध चा मा केला हो!” ते किंचाळले. “हाकला सगळ्यांना!”

“थांबा काका,” वकीलबाईंनी वही उघडली. “सामान ठेवायचं तर नाव-पत्ता लिहायलाच हवा ना?”

बघता बघता खोली भरली. शिवणयंत्र आलं, गादीची वळकटी आली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. एकीने तर सासऱ्यांनाच आणून बसवलं. “तासाभरात येते, हलवू नका!”

पण गंमत अशी, की हात रिकामे झाले आणि बायकांचा पाय निघेना. कितीतरी दिवसांनी कुणी नुसतं टेकलं होतं. गादीवाल्या आजीने तर गुणगुणायलाच घेतलं,

“ओझं ठेवलं गं खाली, खांदा झाला हलका,
आता मनातलं बोलते, ऐकून घ्या बरं का!”

“आमच्या कारखान्यात काम सारखंच,” शिवणयंत्रवाली म्हणाली, “पण बाप्यांना खुर्च्या आणि आम्ही दिवसभर उभ्या. हे सांगायचं कुठे?”

“इथेच,” वकीलबाई म्हणाल्या. “हा कक्ष त्यासाठीच आहे.”

“अगं बाई! मग पाटीवर तसं लिहायचं ना!”

अकराला गाडी वाजली. कानामात्रा स्टुलावर चढले आणि तळवा कान्यावर दाबून उभे राहिले. छातीची पेटी वाजू लागली.

“हे काय करताय?” उपायुक्तबाईंनी विचारलं.

“पुसतोय, मॅडम.”

बाई आत गेल्या. एकेचाळीस नावं! सासऱ्यांच्या हातातही हक्कांचं माहितीपत्रक, आणि ते मन लावून वाचत होते. बाहेर येऊन बाई म्हणाल्या, “हात काढा.”

हात निघाला. काना दिसला.

“पेंटरची चूक, मॅडम! मी तर—”

“चूक?” बाई हसू लागल्या. “अहो, हात मोकळे झाल्याशिवाय बाई हक्क मागायला येणार कशी? कुलूप आता नको. पाटी आहे तशी राहू द्या. खाली ‘समान संधीही मिळेल’ एवढं जोडा. आणि त्या पेंटरचा सत्कार करू!”

पाटीचे पैसे न्यायला आलेला पेंटर तिथेच उभा होता, आणि होता प्रामाणिक. त्याने खिशातली चिठ्ठी काढली. “मी जसंच्या तसं उतरवलं, मॅडम. अक्षर साहेबांचं आहे.”

लाल पेनाने लिहिलेला तो टपोरा काना सगळ्या कचेरीने डोळे भरून पाहिला!

तळघर टळलं. कानामात्रांची छाती एकदम शांत झाली. सत्कार झाला नाही, पण जीव भांड्यात पडला.

पाचला बायको आली. कोपऱ्यातल्या दोन फुगलेल्या पिशव्या तिच्याच होत्या.

“तू पण ठेवलंस? म्हणजे पाटी वाचलीस?”

“आज सकाळीच, शाळेत जाताना.”

“आणि चूक सांगितली नाहीस?”

“सांगितली असती तर पुसली असती तुम्ही.” तिने दोन्ही पिशव्या त्यांच्यासमोर धरल्या. “चला. आज समानतेचं काम घरापर्यंत.”

ती पुढे, हात हलवत, गाणं गुणगुणत. मागून कानामात्रा. वाटेत एका दुकानावर पाटी दिसली, ‘शूद्ध तुप मिळेल’. एका शब्दात दीर्घ जास्त, दुसऱ्यात दीर्घ कमी! बोटं नुसती शिवशिवली. पण काय करणार? लाल पेन खिशात आणि दोन्ही हातांत सामान!