सहा व्होल्टचा जावई

फक्त पाच मिनिटं बसायचं, एवढंच मी ठरवलं होतं. सासरेबुवांच्या मोटारसायकलवर. चालवायची नाही, ढकलायची नाही, नुसतं बसायचं. खुर्चीवर बसतो तसं. (खुर्चीवरूनही मी दोनदा पडलेलो आहे, पण ते सरकारी खुर्च्यांच्या दर्जामुळे.)

ही मोटारसायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि सासरी तिचा मानही माझ्यापेक्षा मोठा आहे. काळी कुळकुळीत, टाकी पोटुशी, आणि सुरू झाली की खिडक्यांची तावदानं थरथरतात. सासरेबुवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मेहुण्याकडे जायला निघाले, तेव्हा ती स्वतः चालवत आणून त्यांनी आमच्या इमारतीखाली लावली, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, गाडी तुमच्याकडे ठेवतोय."

या वाक्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही. त्यासाठी माझ्या साडूची हकिकत माहीत हवी. साडूने एकदा न विचारता ही गाडी कोपऱ्यापर्यंत नेली आणि मडगार्डवर नखाएवढा ओरखडा आणला. त्याला सहा वर्षं झाली. सासरेबुवा अजून त्याच्याशी थेट बोलत नाहीत. तो समोर बसलेला असला तरी भिंतीकडे बघून विचारतात, "त्यांना चहा हवाय का?" साडूही हल्ली भिंतीलाच उत्तर देतो. माझी मेहुणी दर भेटीनंतर रडते. अशा माणसाने सोळा वर्षांच्या नात्यात पहिल्यांदाच माझ्यावर विश्वास टाकला होता. मला त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नाही.

तर मी पाच मिनिटं बसलो. किल्ली लावली, फिरवली. काहीच झालं नाही, म्हणून धीर आला. तेवढ्यात वरून बायकोने चहाला हाक मारली आणि मी उतरून वर गेलो.

हे झालं रविवारी. बुधवारी गाडी पुसायला गेलो, तर किल्ली गाडीलाच होती. फिरवलेली. म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री. मी हॉर्न दाबला. गप्प. दिव्याचं बटण दाबलं. अंधार. किक मारायला भीती वाटत होती (किक उलटी बसून एकाचा पाय मोडल्याचं मी कुठेसं ऐकलं होतं), तरी डोळे मिटून चार मारल्या. गाडी ढिम्म.

जिना कसा चढलो ते आठवत नाही.

"बॅटरी गेली," मी दारातच म्हणालो.

"कुणाची?"

"तुझ्या वडिलांची."

ही हातातलं पातेलं ठेवून मटकन खाली बसली. "कधी? दादाचा फोन आला होता? डोळ्याचंच तर ऑपरेशन होतं."

"अगं, गाडीची. वडील ठणठणीत आहेत. रविवारी सकाळी इकडे येतायत, तीच तर पंचाईत आहे."

सगळं ऐकून झाल्यावर ही एवढंच म्हणाली, "फोन करून सांगून टाका."

"आणि सहा वर्षं भिंतीशी बोलू? आपल्याकडे मोकळी भिंत तरी आहे का?"

मी साडूला फोन लावला. म्हटलं, या विषयातला घरातला तोच एक अनुभवी माणूस. "त्या गाडीला बॅटरी कुठली लागते हो?" एवढंच विचारलं. मग साडू दबक्या आवाजात म्हणाला, "मी फोन उचलला नाही. तुम्ही केलाच नाही. मला गाडी माहीत नाही." आणि ठेवला.

आता मी खरेदी शाखेत कारकून आहे हे सांगायला हवं. अठरा वर्षांत मी ऑफिससाठी पंखे, पायपुसणी, टाचण्या, पाण्याच्या टाक्या असं काय काय घेतलं, पण त्यातली एकही वस्तू मी निवडलेली नाही. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, तक्ता काय म्हणतो ते वर पाठवायचं. निवडतो तो तक्ता. त्यामुळे चूक झाली तर ती तक्त्याची. भित्र्या माणसासाठी याहून चांगली नोकरी नाही. मी तेच केलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तीन दुकानांना फोन करून माहिती घेतली आणि तक्ता आखला: आकार, वजन, हमीची मुदत, व्होल्ट, आणि शेवटचा रकाना, 'स्फोटाची शक्यता'. तिन्ही दुकानदारांनी या रकान्याला उत्तर न देता फोन ठेवला होता.

व्होल्टच्या रकान्यात काही ठिकाणी सहा होते, काही ठिकाणी बारा. बाकी सगळं जवळजवळ सारखं. संध्याकाळी तक्ता घेऊन मी त्यातल्या सगळ्यात जवळच्या दुकानात गेलो. बॅटरीवाला जाडजूड, शांत माणूस. त्याच्या शर्टाला ठिकठिकाणी भोकं पडलेली होती.

"ही कशाने पडली?" मी विचारलं.

"ॲसिड," तो म्हणाला. "गाडी कुठली?"

आता सासरेबुवांना या गावात कोण ओळखत नाही? मी सावधपणे म्हणालो, "एका मित्राची आहे. जुनी आहे."

"जुन्या गाड्यांना सहा व्होल्ट लागतं. पण काही लोकांनी सगळं वायरिंग बदलून बारा करून घेतलेलं असतं. मित्राला विचारून या."

"मित्र बोलण्याच्या अवस्थेत नाही."

"मग जुन्या बॅटरीवर बघा. लिहिलेलं असतं."

जुनी बॅटरी सीटखाली होती, आणि सीट काढायची म्हणजे गाडीचे नट खोलायचे. मी तक्ता उघडला. बारा ही सहाच्या दुप्पट होती, वजनात फारसा फरक नव्हता, आणि हमीची मुदत तीच. अशा वेळी खरेदी शाखा काय करते? मी बारा घेतली. बॅटरीवाल्याने दोनदा 'नक्की ना?' विचारलं, आणि मग चार्जर हातात देऊन चार्ज कशी करायची ते सांगितलं. पहिल्यांदा दहा तास, मोकळ्या हवेत. चार्जिंगला गॅस निघतो, आसपास ठिणगी नको. "ठिणगी पडली तर?" मी विचारलं. त्याने आपल्या शर्टाकडे पाहिलं.

शुक्रवारी मी रजा टाकली. बॅटरी गॅलरीत ठेवली, चार्जर लावला आणि घरात जाहीर केलं की दहा तास ठिणगी बंद. म्हणजे स्वयंपाकाचा गॅस बंद, इस्त्री बंद, मिक्सर बंद. दिव्यांच्या बटणांवर मी चिकटपट्ट्या लावल्या. दारावर कागद लावला: 'बेल वाजवू नये. हाक मारावी. हळू.' स्वतः बादलीभर पाणी घेऊन गॅलरीच्या दाराआड बसलो. मुलगी शाळेतून आली, कागद वाचला आणि मैत्रिणीकडे निघून गेली. बायको दुपारी शेजारच्यांकडे जेवून आली आणि त्यांच्याकडून माझ्यासाठी थंड पोळी-भाजी घेऊन आली.

"शेजारच्या बाई विचारत होत्या, तुम्ही आत काय बनवताय," ही म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, घाबरलेत. नेहमीचंच आहे."

शनिवारी सकाळी मी रेनकोट घातला, मुलीचा पोहण्याचा चष्मा लावला, भांडी घासायचे रबरी मोजे चढवले आणि खाली उतरलो. बायको मागून स्क्रू ड्रायव्हर आणि पाने घेऊन आली. सीट तिनेच काढली. माझ्या मोज्यांतल्या हातांत पाना काही राहीना. जुनी बॅटरी बाहेर आली तेव्हा तिच्यावर जाड धूळ होती. मी धुळीकडे दुर्लक्ष केलं, अक्षरांकडेही केलं. नवी बसवली, वायरी जोडल्या, किल्ली फिरवली आणि दिव्याचं बटण दाबलं.

पुढचा दिवा असा पेटला की समोरची भिंत पांढरीफेक झाली. एक क्षण. मग 'फट्' असा आवाज झाला आणि काच काळी पडली. मी दचकून हॅन्डलला धरायला गेलो, तो अंगठा हॉर्नवर पडला, आणि हॉर्न असा काही किंचाळला की चौथ्या मजल्यापर्यंत लोक बाहेर आले. बटण आतच अडकून बसलं. सीटखालून जळकट वास यायला लागला.

"लांब व्हा सगळे," मी ओरडलो. "खाली वाका. मुलांना आत घ्या." मी स्वतः कचऱ्याच्या पिंपामागे गेलो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला बायको आठवली नाही, मुलगी आठवली नाही. मला सासरेबुवा भिंतीकडे बघताना दिसले.

हॉर्न थांबला. मी पिंपाआडून डोकं वर काढलं. बायकोने दोन बोटांनी किल्ली बंद केली होती. मग तिने जुनी बॅटरी पदराने पुसली आणि वाचून दाखवलं, "सहा व्होल्ट. केवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय."

मी पुन्हा बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने माझ्या कपाळावरचे चष्म्याचे वळ पाहिले आणि विचारलं, "मित्र कसा आहे?"

"दिवा उडाला."

त्याने सहा व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी आणि एक बल्ब काढून दिला. दुपारपर्यंत सगळं बसलं. दिवा लागला, पिवळा आणि सभ्य. हॉर्नही माणसासारखा वाजला. मला हुश्श वाटलं. मग मी किक मारली. गाडी सुरू झाली नाही. मी चाळीस किका मारल्या. बायकोने वीस मारल्या. इमारतीच्या वॉचमनने दहा. गाडी ढिम्म ती ढिम्मच. मी तिथेच पायरीवर बसलो. मी ती कायमची मारली होती, यात मला शंका उरली नाही. ही माझ्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच तिचाही आवाज उतरला होता. "ताईचं झालं तसं आपलं नको व्हायला," ती म्हणाली. "मला बाबांकडे यायला जायला लागतं हो."

रविवारी सकाळी सासरेबुवा काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले. घरात न येता थेट गाडीकडे गेले. मी मागोमाग. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, आणि माझं तोंड आपोआप सुटलं. मी बसलो ते, किल्ली, तीन दिवस, तक्ता, बारा व्होल्ट, दिवा, पिंप, सत्तर किका, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि जवळच्या भिंतीकडे बघत उभा राहिलो. सवय करून घेतलेली बरी.

"जावईबापू," सासरेबुवा म्हणाले, "ती बॅटरी दोन वर्षं मेलेलीच आहे."

"म्हणजे... गाडी?"

"गाडीला बॅटरी लागत नाही. हिचा ठिणगीचा कारभार वेगळा आहे, मॅग्नेटोवर; तो किकवरच आपली वीज तयार करतो. बॅटरी दिव्याला आणि हॉर्नला. दिवसाउजेडी फिरणाऱ्याला दिवा कशाला? आणि हॉर्न कशाला? तोंड आहे ना."

ते वाकले, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक फिरवला ("लावताना बंद करतो मी नेहमी"), आणि पायाने एक हलकीशी किक मारली. खिडक्यांची तावदानं थरथरली. सत्तर किका मारलेले आम्ही नुसते बघत राहिलो.

ते थेट माझ्याशी बोलत होते. माझ्याकडे बघून. मला गहिवरून आलं. मी म्हणालो, "बाबा, एवढं होऊनही तुमचा माझ्यावरचा विश्वास उडाला नाही?"

"उडेल कसा?" त्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोठ्या जावयाकडे का नाही ठेवली गाडी? तो चालवायला घाबरत नाही. मुलाकडे का नाही ठेवली? तोही घाबरत नाही. सगळ्या घरात हिला कोपऱ्यापर्यंतसुद्धा नेणार नाही असा माणूस कोण, याचा मी आठवडाभर विचार केला, आणि तुमच्याइतकी खात्री मला कुणाचीच वाटली नाही."

त्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "तेव्हाही तुमच्याकडेच ठेवीन. फक्त तेवढं बसायचं बंद करा."