हरकतप्रधान भाषा

नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात दाखल्यांचा प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता, ही गंभीर बाब अखेर वरिष्ठांच्या निदर्शनास आली. तो लिहिणारे महादेवप्पा यांना आदेश निघाला: जुनी भाषा टाकून नवी ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ भाषा शिकावी व प्रोग्राम तीत नव्याने लिहावा.

महादेवप्पांनी पन्नाशीत पुन्हा पाटी धरली. जुनी भाषा सरळ होती. वरून खाली सांगत जायचं, यंत्र मुकाट करत जायचं. नवीत प्रत्येक वस्तूला स्वतःची अक्कल. हात जुन्याच वळणानं लिही आणि यंत्र लाल अक्षरांत खेकसे. पण एका दुपारी गाठ सुटली, आणि महादेवप्पा चहाच्या टपरीवर एकटेच हसत बसले.

मग साहेबांना समजावणं आलं.

“साहेब, यात आधी क्लास करायचा.”

“वन का टू?”

“तसं न्हाई. एका क्लासचे गुण दुसऱ्याला वारशानं मिळतात.”

“म्हणजे अनुकंपा. पुढं?”

“आतली माहिती बाहेर दिसू द्यायची न्हाई. अन् प्रश्न एकच असला तरी प्रत्येक ऑब्जेक्ट आपापलं वेगळं उत्तर देतो.”

साहेबांचे डोळे पाणावले. “महादेवप्पा, ही भाषा आपल्याच खात्यात जन्मली असंल हो!”

तेवढ्यात भाषांतर शाखेनं नव्या भाषेचं परिपत्रक मराठीत आणलं. ऑब्जेक्ट म्हणजे हरकत. सबब, नवी भाषा ‘हरकतप्रधान’. प्रत्येक अर्जावर यंत्राने किमान एक हरकत घ्यावी.

“साहेब, ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू हाय.”

“असंल. पण सही झालीय.”

महादेवप्पांनी तसं लिहिलं. खरं सांगायचं तर फार सुरेख लिहिलं. मूळ क्लास ‘हरकत’. तिची लेकरं ‘कागद कमी’, ‘कागद जास्त’ आणि ‘कागद बरोबर, म्हणूनच संशयास्पद’. यंत्र एकदाही अडखळलं नाही. साहेबांनी सत्कार करून त्यांना शाल पांघरवली.

पुढच्या आठवड्यात देगलूरहून महादेवप्पांची आई शिवम्मा हयातीच्या दाखल्यासाठी आली. खिडकीवर उत्तर उमटलं: ‘अर्जदाराच्या हयातीस हरकत आहे.’

महादेवप्पा धावत साहेबांकडं गेले. साहेब हळहळले. “आपल्याच मातोश्री! त्यांनी हयातीचा हट्ट सोडला, तर लगेच मार्ग निघंल.”

महादेवप्पा खिडकीशी परतले. आईनं विचारलं, “हे तूच लिवलास का रं?”

“हाव, अव्वा.”

“मग बरोबरच असंल.” तिनं पदर सावरला.

महादेवप्पांना राहवेना. ते रांगेकडं वळून ओरडले, “अहो, ही जिती समोर उभी हाय! कुणीतरी बोला की!”

रांगेत चुळबुळ झाली. मग कुणीतरी बोललं.

“मावशी, जरा बाजूला सरा. आमचा नंबर हाय.”

आवाज कुणाचा, ते महादेवप्पांना कळलं नाही. तुम्ही ओळखला असेल. रांगेत तुम्ही त्याच्या इतके जवळ होता, की तो तुमचाच वाटावा.