हवालदाराच्या हवाली

आमच्या गल्लीत शिकलेला आणि पारख असलेला माणूस म्हणजे मी! म्हणून तर तान्ह्या पोळ्याला पोरांच्या सजवलेल्या लाकडी बैलांतून पहिला नंबर काढायचा मान कायम माझा. पण पंचाहत्तर साली फौजेतून निवृत्त झालेले गिरिधर हवालदार समोर राहायला आले, आणि अख्खी गल्ली त्यांच्या मिशांवर भाळली! माझी बायको कौसल्यासुद्धा.

"कसा ताठ चालते वं माणूस!" ती शेजारच्या सिंधूताईंना सांगत होती. मी आत बसून जळत होतो. फायलींवर वाकून वाकून माझी पाठ गेली, हा काय माझा गुन्हा?

त्यात कुजबुज कानावर आली की यंदा परीक्षक हवालदारच! मग मात्र मी वाचनालय गाठलं, त्या हुद्द्याचं मूळच खणून काढलं आणि गल्लीच्या बैठकीत उभा राहिलो.

"हवालदार म्हणजे काय, मालूम आहे का कोणाले? हवाला म्हणजे ताबा. ज्याच्या हवाली वस्तू करायची, तो हवालदार! जुन्या काळी किल्ल्याच्या चाव्या त्याच्यापाशी राहत. लढाई-बिढाई नंतर, मुळात हा चाव्या राखणारा!"

आता उतरला याचा तोरा, म्हणून मी सगळ्यांकडे पाहिलं.

"बराबर आहे गा तुमचं," हवालदार शांतपणे म्हणाले.

"अवो माय! म्हणजे भरवशाचा माणूस!" सिंधूताई ओरडल्या. "भाऊ, मी उद्या भंडाऱ्याले जाऊन राहिली. घराची चावी तुमच्यापाशीच ठेवतो!"

झालं! सगळ्या गल्लीच्या चाव्या त्यांच्या खुंटीवर गेल्या. मग सायकली, लोणच्याच्या बरण्या! गोपाळरावांनी तर गावाला जाताना म्हैस त्यांच्या दारात बांधली. पोरांनी लाकडी बैलही तिथेच नेऊन ठेवले. मला कोणी विचारीना!

पोळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर घराला कुलूप.

"वहिनी रामटेकले गेल्या," समोरून हवालदार म्हणाले. "या, जेवून घ्या."

"चावी द्या!"

"आधी जेवा. घरासंगं तुम्हाले बी माह्या हवाली करून गेल्या. म्हणे, 'त्याईले दोन घास घालजा, आन परीक्षक बी त्याईलेच करजा. नाहीतर दिवाळीपर्यंत तोंड फुगवून बसतीन!' मी हो म्हटलं गा. खुर्ची तुमचीच."

मी मुकाट्याने पाटावर बसलो. भरली वांगी त्यांनी स्वतः केली होती. पहिल्याच घासाला कळलं, कौसल्येपेक्षा चांगली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झाली का गा?" त्यांनी विचारलं.

"हो!" मी म्हणालो, आणि आणखी वाढा म्हणून ताट पुढे केलं.